एकशे चाळीस वर्षे एकाच पक्षाला

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पूर्वेला, अ‍ॅपेलेशियन डोंगरांच्या पायथ्याशी एलियट नावाची एक लहानशी काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील तालुकाच समजावा. केंटकीत अशा १२० काउंट्या आहेत. एलियटची लोकसंख्या साडेसात हजारांच्याही आत, म्हणजे आपल्याकडील एखाद्या बाजाराच्या गावाएवढी. पण या चिमुकल्या काउंटीचे नाव अमेरिकेतील निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

एलियट काउंटी १८६९ साली स्थापन झाली. १८७२ पासून २०१२ पर्यंत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या ३६ निवडणुका झाल्या. त्या छत्तीसही निवडणुकांत एलियटने डेमोक्रॅटिक पक्षाच्याच उमेदवाराला बहुमत दिले. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत, पण एकाच पक्षाला इतकी वर्षे खंड न पडता डेमोक्रॅटिक मत देणारी दुसरी काउंटी नाही. पणजोबाने दिले त्याच पक्षाला आजोबाने दिले, बापाने दिले, मुलाने दिले आणि नातवानेही दिले.

आणि मग २०१६ साली एकाच दिवसात हे सारे पालटले. शंभरातील सत्तर मते रिपब्लिकन पक्षाच्या डोनाल्ड ट्रम्प यांना पडली.

आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या एका चिन्हावर शिक्का मारणारी गावे आहेत. म्हणून एलियटची ही कथा शेतकरी कुटुंबांनी मुद्दाम वाचण्याजोगी आहे. मत एवढी वर्षे का टिकले, ते का गेले आणि त्या मताच्या बदल्यात शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, हे पाहू.

सँडी हूकची वाट

केंटकीचे लेक्सिंग्टन शहर घोड्यांसाठी प्रसिद्ध आहे. शहराभोवती हिरवीगार कुरणे, लाकडी कुंपणे आणि शर्यतीच्या घोड्यांचे तबेले आहेत. ही श्रीमंतांची केंटकी. तेथून पूर्वेला हमरस्त्याने शंभरएक किलोमीटर गेले की मोरहेड नावाचे गाव लागते. कुरणे संपतात आणि जंगलाने झाकलेले डोंगर सुरू होतात. मोरहेडला हमरस्ता सोडून ३२ नंबरच्या राज्य रस्त्याला वळले, की वळणावळणाने सुमारे चाळीस किलोमीटरवर सँडी हूक येते. हेच एलियट काउंटीचे मुख्य ठिकाण. वस्ती सहा-सातशे.

लिटल सँडी नावाची नदी येथे माशाच्या गळासारखी वळली आहे. त्या गळावरून गावाला सँडी हूक हे नाव पडले. जवळच वाळूच्या दगडात खोल घळ आहे, तिला लॉरेल घळ म्हणतात. सपाट जमीन म्हणाल तर ओढ्या-नद्यांच्या काठाने पट्ट्यापट्ट्याने तेवढी. बाकी सारा चढउतार. एका शेतात उभे राहून शेजाऱ्याचे घर दिसत नाही, मध्ये टेकडी असते. घरे ओढ्यांच्या कडेने विखुरलेली आणि एकेका ओढ्यावर एकेका आडनावाची भावकी.

या मातीत एका खास जातीचा खडक सापडतो. तशाच खडकातून आफ्रिकेत हिरे निघाले, म्हणून एलियटमध्येही हिऱ्यांचा शोध झाला. खड्डे खणले गेले, पण हिरा काही मिळाला नाही. खाली कोळसा आहे, पण दक्षिणेकडील काउंट्यांसारख्या मोठ्या खाणी येथे झाल्या नाहीत. गाणे मात्र या डोंगरात भरपूर. कीथ व्हिटली हा अमेरिकेतील लोकप्रिय ग्रामीण गायक सँडी हूकमध्येच वाढला. १९८९ साली तो ऐन तारुण्यात गेला. त्याचा पुतळा येथे आहे आणि लांबून लोक तो पाहायला येतात.

युद्धाने केलेली वाटणी

एलियटच्या मताचे मूळ दीडशे वर्षांमागच्या यादवी युद्धात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेची उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्ये एकमेकांशी लढली. दक्षिणेला गुलामगिरी टिकवायची होती, त्यासाठी ती देशातून फुटून निघाली. केंटकी मधोमध सापडली. राज्य अधिकृतपणे देशाबरोबर राहिले, पण घराघरांत फूट पडली. एक भाऊ उत्तरेच्या फौजेत तर दुसरा दक्षिणेच्या, असेही घडले.

युद्ध संपले तरी फूट मिटली नाही. ज्या डोंगराळ भागाने देशाची, म्हणजे अब्राहम लिंकन यांची बाजू घेतली, तो लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाकडे गेला. ज्यांची सहानुभूती दक्षिणेकडे होती, ते डेमोक्रॅटिक पक्षाचे झाले. एलियट या दुसऱ्या बाजूची. युद्ध संपल्यावर चार वर्षांनी कार्टर, लॉरेन्स आणि मॉर्गन या तीन काउंट्यांचे तुकडे जोडून ती तयार झाली. तिला जॉन मिल्टन एलियट यांचे नाव देण्यात आले, असे बहुतेक ठिकाणी सांगतात, तर काही जण त्यांच्या वडिलांचे नाव घेतात. जॉन एलियट हे युद्धात दक्षिणेच्या विधिमंडळाचे सभासद होते. पुढे ते केंटकीच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८७९ साली राजधानीच्या गावी एका माणसाने त्यांना बंदुकीने ठार मारले. कारण काय, तर त्या माणसाच्या मृत बहिणीच्या जमिनीचा दावा न्यायालयात विरुद्ध गेला होता. जमिनीचा दावा माणसाला कोठवर नेतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

त्या काळचा डेमोक्रॅटिक पक्ष हा दक्षिणेतील गोऱ्यांचा पक्ष होता आणि काळ्या लोकांच्या हक्कांचा विरोधक होता, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पुढच्या शंभर वर्षांत त्या पक्षाचे रूप पार बदलले. एलियटच्या पेटीतील मत मात्र जागचे हलले नाही.

कचेरी आणि पक्ष

युद्धाची आठवण एकदोन पिढ्या पुरते. एकशे चाळीस वर्षे मत टिकायला रोजच्या व्यवहारातील कारणे लागतात. पहिले कारण काउंटीच्या कचेरीत सापडते.

केंटकीच्या काउंटीत जवळजवळ सारे अंमलदार लोक निवडून देतात. काउंटीचा कारभार पाहणारा प्रमुख, पोलिसांचा शेरीफ, दप्तर सांभाळणारा क्लार्क, एवढेच काय, तुरुंगाचा जेलरसुद्धा मतावर निवडून येतो. यांतले बहुतेक पक्षाच्या नावावर उभे राहतात. गरीब आणि लहान काउंटीत कारखाना नाही, मोठा बाजार नाही. मग पगाराची नोकरी म्हणजे शाळेची किंवा कचेरीची. रस्त्यावर मुरूम कोणाच्या ओढ्याकडे आधी पडणार, शाळेच्या गाडीवर चालक कोण, हे सारे त्या कचेरीच्या हाती.

त्यातच केंटकीचा एक नियम आहे. मतदाराने नाव नोंदवताना आपला पक्षही नोंदवायचा असतो, आणि पक्षांतर्गत उमेदवार निवडण्याच्या मतदानात त्या पक्षाचे नोंदलेले मतदारच भाग घेऊ शकतात. एलियटमध्ये खरी लढत या पक्षांतर्गत मतदानातच होई. नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे निकाल लागून गेल्यावरचा सोपस्कार. मग ज्याला शेरीफ निवडण्यात आपला शब्द हवा, त्याने डेमोक्रॅट म्हणून नाव नोंदवणे हेच शहाणपण. मुलगा वयात आला की बाप त्याला कचेरीत नेई आणि त्याचे नाव आपल्याच रकान्यात घाली.

ही निष्ठा किती घट्ट होती, याची तीन उदाहरणे देतो. १९२८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने अल स्मिथ या कॅथलिक गृहस्थांना उभे केले. केंटकीतील अनेक प्रोटेस्टंट डेमोक्रॅटांनी त्या वेळी पक्ष सोडून दुसरीकडे मत दिले, पण एलियट हलली नाही. १९७२ साली जॉर्ज मॅकगव्हर्न यांना पन्नासपैकी एकच राज्य मिळाले. १९८४ साली वॉल्टर मॉन्डेल यांचीही तीच गत झाली. साऱ्या देशाने झिडकारलेल्या या दोघांनाही एलियटने बहुमत दिले.

तंबाखूचा कोटा

दुसरे कारण शेतात होते, आणि तेच अधिक जड.

एलियटचे नगदी पीक म्हणजे बर्ली जातीचा तंबाखू. या पिकाचा वर्षाचा फेरा ऐकण्यासारखा आहे. हिवाळा सरता सरता रोपांचे वाफे तयार करायचे आणि थंडीपासून राखण्यासाठी त्यांवर पातळ सुती कापड ताणायचे. मे-जूनमध्ये लागण. मग खुरपणी, फुलावर आले की शेंडे खुडणे, पुढे बगलफुटी काढणे. ऑगस्ट-सप्टेंबरात अख्खे झाड तोडून लाकडी काठीवर ओवायचे आणि उंच लाकडी कोठारात मजल्यामजल्याने टांगायचे. बर्लीला भट्टीची धग लागत नाही, मोकळ्या हवेवरच पान वाळून तपकिरी होते. नोव्हेंबरात हवेत दमटपणा आला, पान मऊ झाले, की साऱ्या घराने कोठारात बसून देठावरून पाने उतरवायची आणि प्रतवारीने बांधायची. मग वखारीत लिलाव. पट्टी हाती येई ती नाताळाच्या तोंडावर. त्यातून दुकानाची उधारी फिटे, जमिनीचा कर भरला जाई आणि मुलांना नवे बूट मिळत.

शेते मात्र लहान. डोंगरातील बहुतेकांचा तंबाखू एक-दोन एकर, काहींचा त्याहूनही कमी. एवढ्यावर घर कसे चाले? त्याचे उत्तर सरकारी कोट्यात आहे.

१९२९ नंतरच्या महामंदीत तंबाखूचा भाव मातीमोल झाला. १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. ते डेमोक्रॅटिक पक्षाचे. त्यांच्या सरकारने शेतमालाच्या भावासाठी कायदे केले आणि १९३८ च्या कायद्याने तंबाखूची पद्धत पक्की बसली. कोणत्या शेताने किती तंबाखू करायचा हे ठरवून दिले. आधी ही मर्यादा क्षेत्रावर होती, १९७१ पासून बर्लीसाठी ती वजनावर आली. पीक मर्यादेत राहिले की सरकार किमान भावाची हमी देई. लिलावात कंपनीने त्या भावाला माल उचलला नाही, तर शेतकऱ्यांची सहकारी संस्था सरकारी कर्जावर तो माल घेई, साठवी आणि पुढे विके. ही पद्धत चालू ठेवायची की नाही, हे शेतकरीच ठराविक वर्षांनी मतदान करून ठरवीत, आणि त्याला दोन-तृतीयांश बहुमत लागे.

कोटा शेताला जोडलेला होता. शेत विकले की कोटाही जाई, म्हणून कोट्याच्या जमिनीला वेगळाच भाव येई. म्हाताऱ्या माणसाला किंवा विधवा बाईला स्वतः तंबाखू करणे झेपले नाही, तर ती आपला कोटा काउंटीतील दुसऱ्या शेतकऱ्याला खंडाने देई आणि घरबसल्या चार पैसे मिळवी. भाव ठाऊक असलेले एवढे एकच पीक त्या डोंगरात होते.

याच काळात दुर्गम भागात सहकारी पद्धतीने वीज नेण्याची सरकारी योजना आली. पूर्व केंटकीच्या डोंगरात सरकारी पगारावर बायका घोड्यावर बसून घरोघर वाचायला पुस्तके पोचवीत. रस्ते झाले, म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतन सुरू झाले. ज्या घराने हे सारे पाहिले, त्या घरात रूझवेल्ट यांचे नाव घरच्या वडीलधाऱ्यासारखे घेतले जाई. राष्ट्राध्यक्षाचे मतदान नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. तेव्हा तंबाखू कोठारात टांगलेला असे आणि लिलाव तीन आठवड्यांवर. अशा वेळी भावाची हमी ज्या पक्षाने आणली, त्या पक्षाला मत गेले तर त्यात नवल काय?

दुसऱ्या पारड्यातील काउंटी

एलियटच्या नैर्ऋत्येला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर जॅक्सन नावाची काउंटी आहे. तीही डोंगराळ, तीही लहान, तेथेही तंबाखूच. पण यादवी युद्धात जॅक्सन उत्तरेच्या बाजूला होती. तेव्हापासून आजवर राष्ट्राध्यक्षाच्या एकाही निवडणुकीत तिने डेमोक्रॅटिक पक्षाला बहुमत दिलेले नाही. रूझवेल्ट यांची लाट आली तरी नाही, १९६४ साली लिंडन जॉन्सन यांनी सारा देश जिंकला तरी नाही. तंबाखूचा कोटा जॅक्सनच्या शेतकऱ्यालाही मिळत होता आणि वीज त्याच्याही घरी आली होती, तरी मत मात्र आजोबांच्याच पक्षाला.

म्हणजे एकाच डोंगरात, एकाच पिकावर जगणाऱ्या दोन काउंट्या. एकीने शतकाहून अधिक काळ एका पक्षाला डोक्यावर घेतले, दुसरीने तेवढाच काळ दुसऱ्या पक्षाला. दोघींच्या संसारात काय फरक पडला? फारसा नाही. १९६५ साली अ‍ॅपेलेशियन भागाच्या विकासासाठी अमेरिकन सरकारने एक आयोग नेमला. हा आयोग दरवर्षी काउंट्यांची आर्थिक स्थिती पाहून प्रतवारी लावतो. सर्वांत हलाखीच्या काउंट्यांच्या यादीत एलियटचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले आणि जॅक्सनचेही.

याचे एक कारण उघड आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष राज्यवार निवडला जातो. केंटकीत ज्याला जास्त मते, त्याला राज्याचे सारे प्रतिनिधी. एलियटची मते सारी मिळून अडीच-तीन हजार. ती कोणाकडे जाणार हे आधीच ठाऊक असेल तर त्यांच्यासाठी कोण धडपडणार? खात्रीच्या मताकडे त्याचा मालक पाहत नाही आणि विरोधकही फिरकत नाही.

धागा कसा उसवला

एलियटचे मत २०१६ साली फिरले असे दिसते, पण उसवण त्याआधीच सुरू झाली होती.

पहिला टाका तंबाखूचा. १९६४ साली अमेरिकन सरकारच्या वैद्यकीय प्रमुखांनी धूम्रपानाने कर्करोग होतो असा अहवाल दिला. सिगारेटचा खप हळूहळू उतरला. बाहेरदेशीचा स्वस्त तंबाखू येऊ लागला. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कोटे झपाट्याने कापले गेले. शेवटी २००४ साली कोटा पद्धत कायद्याने गुंडाळण्यात आली. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश होते आणि केंटकीचे रिपब्लिकन सिनेटर मिच मॅककॉनेल यांनी या कायद्यासाठी जोर लावला होता. पण डेमोक्रॅट प्रतिनिधींनाही तो हवा होता, आणि कोटे आटल्यामुळे अनेक शेतकऱ्यांनाही. कोट्याच्या मालकाला पौंडामागे ७ डॉलर आणि प्रत्यक्ष पीक काढणाऱ्याला ३ डॉलर अशी भरपाई ठरली, दहा वर्षांच्या हप्त्यांनी. पैसा सिगारेट कंपन्यांकडून वसूल झाला.

भरपाई मिळाली, पण हमी गेली. आता कंपनीशी थेट करार करायचा, आणि कंपनीला एक एकराच्या शेतकऱ्यात रस नाही. केंटकीत २००२ साली तंबाखू पिकवणारी शेते २९ हजारांच्या आसपास होती. पाचच वर्षांत, २००७ साली, ती ८ हजारांवर आली. २०२२ सालच्या शेती गणनेत ती एक हजाराच्याही आत गेली. एलियटसारख्या डोंगराळ काउंटीत ज्या पिकाने घराघराला सरकारशी जोडले होते, ते पीकच उठले.

दुसरा टाका मजुरीचा. शेतीला जोड म्हणून येथील माणसे ओहायो नदीकाठच्या अ‍ॅशलंड गावी पोलाद कारखान्यात आणि रेल्वेत कामाला जात. कामगार संघटना भक्कम, पगार चांगला, आणि संघटना डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूची. अ‍ॅशलंडच्या कारखान्याची झोतभट्टी डिसेंबर २०१५ मध्ये थंडावली आणि शेकडो माणसे घरी बसली. २०१९ साली कारखाना कायमचा बंद झाला. एलियटमध्ये २००५ साली सँडी हूकजवळ राज्य सरकारचा मोठा तुरुंग सुरू झाला. आज तुरुंग आणि शाळा हीच पगाराची मोठी ठिकाणे आहेत. त्यातच वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन पूर्व केंटकीत शिरले आणि कितीतरी घरे त्याने पोखरली.

तिसरा टाका मनाचा. बंदूक, गर्भपात, विवाह यांविषयी राष्ट्रीय डेमोक्रॅटिक पक्षाची मते शहरी होत गेली. डोंगरातील चर्चला जाणारे, शिकार करणारे कुटुंब त्यांच्याशी जुळेना. स्थानिक डेमोक्रॅट पुढारी मात्र गावकऱ्यांसारखेच बोलत. एलियटचेच रॉकी अ‍ॅडकिन्स १९८७ पासून २०१९ पर्यंत राज्याच्या विधानसभेत होते आणि तेथे पक्षाचे नेतेही झाले. त्यांच्यासारख्या माणसांमुळे पक्षाचा चेहरा ओळखीचा राहिला.

निवडणुकांचे आकडे पाहिले की ही उसवण स्पष्ट दिसते. २००४ साली जॉन केरी यांना एलियटमध्ये सुमारे ७० टक्के मते पडली. २००८ साली बराक ओबामा यांना ६१ टक्के. ओबामा हे अमेरिकेचे पहिले काळे राष्ट्राध्यक्ष. एलियटमधील शंभरातील पंचाण्णवहून अधिक माणसे गोरी आणि काउंटीचे मूळ दक्षिणेच्या बाजूचे. शेजारच्या अनेक डोंगराळ काउंट्यांनी त्या वर्षी पक्ष सोडला. नॉट काउंटी १८८४ पासून डेमोक्रॅटिक होती, तीही गेली. एलियटने मात्र ओबामांना मत दिले. २०१२ साली त्यांना ४९ टक्के आणि रिपब्लिकन मिट रॉम्नी यांना ४७ टक्के. फरक अवघा साठएक मतांचा. त्या वर्षी साऱ्या केंटकीत चारच काउंट्या ओबामांकडे राहिल्या. तीन शहरांच्या किंवा राजधानीच्या होत्या आणि चौथी एलियट.

२०१६ साली ट्रम्प यांनी कारखाने परत आणू, कोळसा पुन्हा चालू करू, असे सांगितले. त्यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्या तोंडून कोळसा खाणी बंद पडतील अशा अर्थाचे एक वाक्य गेले, ते डोंगरभर फिरले. ट्रम्प यांना ७० टक्के, क्लिंटन यांना २६. २०२० साली ट्रम्प यांची मते ७५ टक्क्यांवर गेली आणि २०२४ सालीही एलियट त्यांच्याच मागे राहिली. जी काउंटी एकशे चाळीस वर्षांत एकदाही हलली नव्हती, ती आता दुसऱ्या बाजूची पक्की झाली असे दिसते.

तरी एक गोष्ट विसरू नये. २०१९ साली केंटकीच्या गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. त्यात एलियटने डेमोक्रॅटिक पक्षाचे अँडी बेशिअर यांना बहुमत दिले. दिल्लीला एक आणि मुंबईला दुसरा, असा विचार करणारे मतदार आपल्याकडेही असतात. शाळा, दवाखाना, शिक्षकांचे निवृत्तिवेतन या गोष्टी राज्याच्या हाती, तेव्हा तेथे माणूस पाहून मत. एलियटचा मतदार आंधळा नव्हता आणि आजही नाही, हे यावरून कळते.

आजची एलियट

आज सँडी हूकच्या रस्त्याने जाताना काळपट लाकडी कोठारे अजून दिसतात. काहींत वाळके गवत भरलेले असते, काही कलली आहेत. तंबाखूच्या पट्ट्यांत आता गवत आणि मांसासाठी पाळलेली गुरे. सिगारेट कंपन्यांनी राज्यांना जी नुकसानभरपाई दिली, तिच्यातील निम्मा वाटा केंटकीने २००० सालापासून शेतीच्या विकासाला लावला. त्यातून कुंपणे, चाऱ्याच्या सोयी, भाजीपाला, मधमाश्या यांना मदत मिळाली. मध्यंतरी औद्योगिक भांगेच्या पिकाचा मोठा गाजावाजा झाला, पण २०१९ नंतर तो बाजारही कोसळला. एका एकरात घर चालवील असे दुसरे पीक त्या डोंगराला अजून सापडलेले नाही. तरुण मुले मोरहेडला, लेक्सिंग्टनला, ओहायोत कामाला जातात.

एलियटच्या शेतकऱ्याने पक्षाला इतकी वर्षे मत दिले, ते एका काळी रोख व्यवहार म्हणून दिले होते. भावाची हमी, वीज, रस्ता, निवृत्तिवेतन हे त्या मताचे मोल त्याला मिळाले होते. नंतर मोल थांबले तरी मत चालूच राहिले, कारण ते घरची रीत झाले होते. रीत झालेल्या मताचा हिशेब कोणी मागत नाही. मागायला सुरुवात झाली तेव्हा कोटा गेला होता, कारखान्याची भट्टी विझत होती, आणि रागाने मत दुसऱ्या टोकाला गेले. आता तेथेही ते तसेच रीत होऊन बसले, तर हिशेब पुन्हा मागे पडेल. जॅक्सन काउंटीने दुसऱ्या पक्षाबरोबर दीडशे वर्षे काढली, तिची अवस्था आपण पाहिलीच.

पीक बदलले की शेतकरी बियाणे बदलतो, वाफा बदलतो, खताची मात्रा बदलतो आणि हंगाम संपला की उत्पन्न-खर्चाची वही उघडतो. त्या वहीत मतासाठीही एक पान असावे. कोणाला दिले, का दिले, पाच वर्षांत गावाच्या पाण्याचे, भावाचे, शाळेचे काय झाले, एवढेच त्यावर लिहायचे. घरातील कर्त्याने लिहावे, बायकांनी लिहावे आणि पहिल्यांदा मत द्यायला निघालेल्या मुलाला ते पान आधी वाचायला द्यावे.